२० मीटर उंचीचा टॉवर उभाच आहे, मग हौशी रेडिओच्या १६० आणि ८० मीटर बँडला आपला आवाज का पोचत नाही?

लांबलहर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय कारण आता डोकं चालेना झालंय.

टॉवर २० मीटर उंच आहे (उंची म्हणतोय, बँड नव्हे), जाळीचा, ताणतारांवर उभा, वर १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झसाठीचा तीन एलिमेंटचा (आडव्या नळ्यांचा) ट्रायबँडर बीम, म्हणजे तीन बँडांवर चालणारी, एका दिशेला जोर देणारी अँटेना. वरच्या बँडांबद्दल काही तक्रार नाही. पण माझं खरं मन खालच्या बँडांत, म्हणजे ८० आणि १६० मीटरमध्ये आहे. ८० साठी १८ मीटरवरून इन्व्हर्टेड व्ही (मधोमध वर टांगलेली, दोन्ही हात खाली उतरणारी तार) टांगलीय, आणि १६० ला तीच व्ही ट्यूनरने (अँटेना रेडिओशी जुळवणारा डबा) लोड करतो. ट्यूनर १:१, म्हणजे पूर्ण जुळणी दाखवतो, मीटरवर पॉवर पूर्ण दिसते, जवळचे लोक छान रिपोर्ट देतात, पण लांबचं स्टेशन ऐकू येतं आणि मी हाक मारली की ते दुसऱ्याच कोणाला उत्तर देतं. सलग दोन हिवाळे हेच चाललंय. पॉवर १०० वॉट.

जागा साधारण ४५ बाय ३० मीटर, टॉवर जवळपास मध्यावर. दुसरा टॉवर उभा करणं शक्य नाही. जो आहे त्यातूनच काय काढता येईल ते सांगा.

---

तारयात्री

टॉवर ठीक आहे हो, त्यावर टांगलंय ते चुकलंय. उंची मीटरमध्ये मोजू नका, तरंगलांबीत मोजा. १.८३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ १६४ मीटर, म्हणजे तुमची १८ मीटरवरची व्ही फक्त ०.११ तरंगलांबी उंच झाली. हे म्हणजे २० मीटर बँडचा डायपोल (मधोमध फीड केलेली आडवी तार) जमिनीपासून सव्वादोन मीटरवर बांधल्यासारखं आहे, तसा कोणी बांधेल का? ८० ला तीच उंची ०.२२ येते, थोडी बरी, पण तिथेही आडव्या तारेचा जोर सरळ डोक्यावर जातो. म्हणून जवळचे खूश आणि लांबचे गप्प.

दुसरं म्हणजे ट्यूनरच्या १:१ वर विसंबू नका. तो आकडा रेडिओ आणि ट्यूनरच्या मधला आहे. ८० च्या व्हीला कोॲक्सने (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) १६० वर चालवलं की अँटेनाच्या टोकाला एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडलीय त्याचं माप) भयंकर असतो आणि पॉवरचा मोठा हिस्सा केबल आणि ट्यूनरची कॉइल तापवण्यात जातो. मीटर पूर्ण पॉवर दाखवतो कारण पॉवर रेडिओतून बाहेर पडतेच, हवेत जात नाही एवढंच.

लांबचं हवं असेल तर उभं रेडिएशन पाहिजे. आणि उभी वस्तू तुमच्याकडे आधीच आहे.

---

पायाभरणी

तारयात्रींशी सहमत. टॉवरलाच अँटेना करा, शंट फीड.

ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: टॉवरचा पाया आर्थ केलेलाच राहतो, खाली इन्सुलेटर लागत नाही. टॉवरपासून पाऊण-एक मीटर अंतर ठेवून एक जाड तार वर न्यायची, ठराविक उंचीवर टॉवरला जोडायची, खालच्या टोकाला सिरीजमध्ये कपॅसिटर आणि तिथे फीड (रेडिओची केबल जोडायची ती जागा, म्हणजे फीडपॉइंट). गॅमा मॅच म्हणतात तो हाच. वरचा बीम वाया जात नाही, तो टॉपहॅट (डोक्यावरची धातूची टोपी) म्हणून काम करतो आणि टॉवर विजेच्या दृष्टीने लांब होतो. २० मीटरचा टॉवर अधिक ट्रायबँडर म्हणजे १६० च्या पाव तरंगलांबीच्या बराच जवळ येतो.

टॉपहॅटने काय फरक पडतो ते आकड्यात बघा, कारण सगळा धागा त्यावरच येणार आहे. २० मीटरच्या नुसत्या उभ्या तारेचा १.८३ ला रेडिएशन रेझिस्टन्स (रेझिस्टन्सचा जो भाग पॉवर हवेत पाठवतो तो) साधारण ६ ओहम. वर मोठा टॉपहॅट असेल आणि करंट खालपासून वरपर्यंत जवळपास सारखा राहिला तर तोच २३ ओहमपर्यंत जाऊ शकतो. आता जमिनीतला लॉस १५ ओहम धरा. पहिल्या बाबतीत ६ भागिले २१, म्हणजे २८ टक्के पॉवर हवेत. दुसऱ्यात २३ भागिले ३८, म्हणजे ६० टक्के. तीन डीबीपेक्षा, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त फरक, आणि टॉवर एक इंचही वाढवलेला नाही.

एक प्रश्न: तुमच्या बीमचे एलिमेंट बूमला (मधल्या दांडीला) थेट जोडलेत की इन्सुलेटरवर बसवलेत?

---

लांबलहर

रिफ्लेक्टर (मागचं एलिमेंट) आणि डायरेक्टर (पुढचं) थेट बूमवर आहेत, ड्रिव्हन एलिमेंट (केबल जोडलेलं) इन्सुलेटेड. आणि बीमचा मास्ट रोटेटरमधून (बीम फिरवणारी मोटर) जातो, त्याने फरक पडतो का?

---

पायाभरणी

पडतो. रोटेटरच्या बेअरिंगमधून आरएफ (रेडिओचा करंट) जाईल असं गृहीत धरू नका, ग्रीस असतं, गंज असतो. टॉवरच्या वरच्या प्लेटपासून मास्टपर्यंत लवचीक वेणीची जाड पट्टी टाका, फिरायला पुरेशी ढील ठेवून. टॉवरच्या सेक्शनचे जोडही बघा. गॅल्वनाइज्ड आणि घट्ट बोल्टचे असतील तर बहुतेक चालून जातं, पण जोडावर रंग मारलेला असेल तर प्रत्येक जोडाला जंपर द्या.

टॉवरवरून उतरणाऱ्या सगळ्या केबल्स, रोटेटरची धरून, टॉवरच्या अंगाला चिकटून खाली येऊ द्या, शील्ड वर आणि खाली दोन्हीकडे टॉवरला बाँड करा, आणि जमिनीलगतच बाहेर काढा. मधूनच हवेत झोका घेऊन शॅककडे (रेडिओच्या खोलीकडे) गेलेली केबल म्हणजे अँटेनाचा नको असलेला भाग, ती सगळा आरएफ घरात आणते.

ताणतारा इन्सुलेटरने तोडलेल्या आहेत ना? नसतील तर त्यांतही आरएफ वाहून त्याही वाजणार.

---

उलटाएल

मला थोडं वेगळं म्हणायचंय. शंट फीड छान आहे पण नवख्या माणसाला त्यात फार वेळ जातो, टॅप (तार टॉवरला जोडायची जागा) कुठे घ्यायचा ते शोधायला दहा वेळा टॉवर चढावा लागतो. माझा अनुभव इन्व्हर्टेड एलचा. टॉवरपासून बाहेर काढलेल्या हातावरून तार सरळ वर न्यायची, तुमच्या टॉवरला १८-१९ मीटर, आणि उरलेली आडवी एखाद्या खांबाकडे. एकूण लांबी पाव तरंगलांबीपेक्षा मुद्दाम जास्त ठेवायची, ५० मीटरच्या आसपास, त्याने फीडपॉइंटचा रेझिस्टन्स वर येतो आणि राहिलेला इंडक्टिव्ह भाग सिरीज कपॅसिटरने काढून टाकता येतो. सगळं ट्यूनिंग जमिनीवर उभं राहून होतं. माझ्याकडे सहा वर्षं चाललीय.

---

पायाभरणी

उलटाएल, तुमचा टॉवर किती उंच आणि वर काय आहे?

---

उलटाएल

१२ मीटर, वर फक्त व्हीएचएफचा छोटा बीम.

---

पायाभरणी

तेच म्हणायचं होतं. तुमचा टॉवर १६० साठी फार लहान, तो तारेच्या मध्ये येत नाही. लांबलहर यांचा टॉवर बीमसकट स्वतःच रेझोनन्सच्या जवळ असणार. त्याच्या शेजारी दीड मीटरवर एल टांगली तर टॉवरमध्ये तारेइतकाच करंट वाहणार, आणि तो करंट टॉवरच्या पायातून मातीत जाणार जिथे रेडियलच (पायापासून चोहीकडे जमिनीवर पसरलेल्या तारा) नाहीत. मॅच मिळेल, काम होणार नाही.

आर्थ केलेला टॉवर पाव तरंगलांबीच्या, किंवा तिच्या विषम पटीच्या जवळ असला की जोरात कपल होतो. अर्ध्या लांबीजवळ असला तर बराच शांत बसतो. म्हणून याच टॉवरवर १६० ची एल नको, पण ८० साठी शेजारी उभी तार टांगायला हरकत नाही, कारण १६० ला जो पाव भरतो तो ८० ला अर्धा भरतो.

---

उलटाएल

हे लक्षात आलं नव्हतं माझ्या. बरोबर आहे, मान्य.

---

मातीतला_हॅम

एवढ्या प्रतिसादांत रेडियलवर कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितोय. माझ्या मते खालच्या बँडाची निम्मी अँटेना जमिनीत असते आणि लोक तिच्यावर सगळ्यात कमी मेहनत घेतात, कारण ती दिसत नाही आणि दाखवता येत नाही.

१९३७ साली ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या तीन इंजिनिअरांनी उभ्या अँटेनाखाली रेडियलची संख्या आणि लांबी बदलत मोजमापं केली, मिडीयम वेव्हच्या ब्रॉडकास्ट टॉवरखाली १२० रेडियल टाकायची पद्धत त्यातूनच रुजली. आपल्याला १२० लागत नाहीत. पण त्या कामातली आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की रेडियल थोडेच असतील तर त्यांना फार लांब करून काही मिळत नाही. तार मोजकी असेल तर संख्या वाढवा. ४०० मीटर तार आहे असं धरा, तर ४० मीटरचे १० टाकण्यापेक्षा २० मीटरचे २० टाका, आणि तुमच्या जागेत तेच नीट मावतात, काही १५ चे झाले तरी चालेल. जमिनीवर पडलेल्या रेडियलला रेझोनन्सची लांबी वगैरे काही नसते, माती त्याचं ट्यूनिंग कधीच बिघडवून टाकते, त्यामुळे टेप घेऊन सेंटिमीटर मोजत बसू नका. इन्सुलेशन असलेली तार चालते. खोल पुरू नका, गवताखाली किंवा दोन-तीन सेंटिमीटर आत पुरेशी आहे, खोल गेल्याने फायदा नाही.

मध्यावर सगळे एका जाड तांब्याच्या रिंगला जोडा आणि ती रिंग टॉवरच्या पायांना. नुसता आर्थ रॉड ठोकून भागतं असं समजू नका, रॉड विजेसाठी आहे, आरएफच्या परतीच्या करंटसाठी तो जवळजवळ निरुपयोगी.

आणि हे नक्की लक्षात ठेवा: रेडियल वाढवताना एसडब्ल्यूआर खराब होऊ शकतो. पाव तरंगलांबीच्या उभ्या तारेचा रेझिस्टन्स ३६ ओहम. त्यात १४ ओहम जमिनीचा लॉस मिसळला की बरोबर ५० होतात आणि माणूस खूश होतो. रेडियल टाकले की लॉस जातो, ५० चे ४० होतात, मीटर थोडा वर चढतो, बँडविड्थही अरुंद होते, आणि लोक घाबरून रेडियल काढतात. ती सुधारणा असते हो!

---

नवशिकी_८०

वाचनखूण साठवली. एक शंका, जमिनीपासून वर उचललेले चार रेडियल पुरतात असं वाचलंय, मग एवढं खोदकाम कशाला?

---

मातीतला_हॅम

ताई, पुरतात, पण अटी आहेत. ते तीनेक मीटर वर हवेत, तिथे मात्र लांबी रेझोनन्सला नीट कापावी लागते, चारही सारखे हवेत, आणि फीडपॉइंटला चांगला चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा) हवा नाहीतर कोॲक्सचं शील्ड पाचवा रेडियल होऊन मातीत जातं. मुख्य म्हणजे शंट फीडच्या टॉवरचा पाया जमिनीतच जोडलेला असतो, तिथे फक्त वरचे रेडियल लावून भागत नाही, करंट पायातून मातीत जाणारच. ८० च्या स्वतंत्र तारेला मात्र वरचे रेडियल चालतील.

---

तारयात्री

गॅमाच्या कपॅसिटरबद्दल. समजा फीडपॉइंटला ५० अधिक ३०० ओहम इंडक्टिव्ह मिळाले, तर १.८३ ला साधारण २९० पिकोफॅरड लागतील. १०० वॉटला करंट १.४ अँपिअर, म्हणजे कपॅसिटरवर सव्वाचारशे व्होल्ट आरएमएस, शिखर ६००. रिसीव्हरमधला जुना गँग कपॅसिटर इथे जेमतेम टिकेल, पुढे ४०० वॉटला गेलात तर शिखर १२०० व्होल्ट, तेव्हा तो नक्की ठिणग्या मारेल. मोठ्या गॅपचा हवेचा कपॅसिटर घ्या आणि पाणी न शिरणाऱ्या डब्यात बसवा.

रेझिस्टन्स पन्नासच्या जवळ येतच नसेल तर टॅप हलवत बसण्याऐवजी फीडपॉइंटपासून जमिनीला दुसरा कपॅसिटर लावा, ओमेगा मॅच होतो, चढउतार वाचते.

आणि शंट फीडचा टॉवर ट्रान्समिट चालू असताना हात लावायची वस्तू राहत नाही. खाली कुंपण करा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. टॉवरवर चढताना हार्नेस, खाली एक माणूस, आणि रेडिओ बंद करून त्याची पॉवरची वायर काढलेली. विजेच्या लाईनजवळ तार टाकायची नाही, तार तुटून पडली तरी लाईनवर जाणार नाही एवढं अंतर ठेवा.

---

शांतकान

मी ऐकण्याच्या बाजूबद्दल लिहिते, कारण पुढच्या हिवाळ्यात तुम्ही हाच प्रश्न घेऊन परत याल. उभा टॉवर चांगलं पाठवतो पण सगळ्या दिशांचा गोंगाटही तेवढ्याच प्रेमाने गोळा करतो. १६० ला पाठवायची आणि ऐकायची अँटेना वेगळी असणं हा चोचला नव्हे.

ही गोष्ट खूप जुनी आहे. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली अमेरिकेतून स्कॉटलंडला आर्ड्रोसनला गेले, अमेरिकन हौशी स्टेशनं अटलांटिक ओलांडून ऐकू येतात का ते बघायला, आणि तंबूत बसून त्यांनी ती ऐकली, तेव्हा त्यांच्याकडे शेकडो मीटर लांबीची बेव्हरेज तार (फक्त ऐकण्यासाठीची लांब आडवी अँटेना) होती, जमिनीपासून थोडीशीच वर. बेव्हरेज सिग्नल कमीच देते, पण गोंगाट त्याहून जास्त कमी करते, म्हणून जमतं.

तुमच्या ४५ मीटरमध्ये बेव्हरेज बसणार नाही. पण के९एवाय लूप (ऐकण्यासाठीचा छोटा दिशादर्शी लूप) बसेल. मधे साडेसात मीटरची काठी, साधारण २६ मीटर तारेचा लूप, एका बाजूला ९:१ चा ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या बाजूला चार-पाचशे ओहमचा रेझिस्टर. दोन लूप काटकोनात लावून रिलेने चार दिशा मिळतात. टॉवरपासून जागेत जमेल तेवढा लांब ठेवा. आणि ऐकताना टॉवर डिट्यून करा, म्हणजे रिलेने गॅमाची जोडणी अशी बदला की टॉवर १६० ला वाजेनासा होईल, नाहीतर तो आजूबाजूचा गोंगाट पकडून तुमच्या लूपमध्ये परत ओततो. माझ्याकडे हे न केल्यामुळे लूपच्या मागच्या बाजूचा नल (जिथून सगळ्यात कमी ऐकू येतं ती दिशा) वर्षभर दिसलाच नव्हता, मी रेझिस्टर बदलत बसले होते.

---

उलटाएल

४० मीटर बँडसाठीही हाच टॉवर वापरता येईल, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. २० मीटर उंचीवरून अर्ध्या तरंगलांबीचे चार-पाच डायपोल तिरके सोडायचे, सगळ्या दिशांना. प्रत्येकाची कोॲक्स विजेच्या लांबीने तीन-अष्टमांश तरंगलांबी ठेवून मधल्या रिले बॉक्समध्ये आणायची. जो निवडला तो चालतो, बाकीच्यांची कोॲक्स उघडी राहते, आणि एवढ्या लांबीची उघडी कोॲक्स डायपोलला इंडक्टन्ससारखी दिसते, त्यामुळे ते डायपोल लांब झाल्यासारखे होऊन रिफ्लेक्टर बनतात. फिरवायचं काही नाही, बटण दाबलं की दिशा बदलते.

---

लांबलहर

मंडळी, तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. सगळं नाही झालं, पण बरंच झालं.

आधी ८० ची उभी तार. बीमच्या खाली १८ मीटरवर दीड मीटरचा फायबरचा हात काढला, त्यावरून तार सरळ खाली, वरचं उरलेलं दोनेक मीटर टोक बाजूला ओढून बांधलं. मग रेडियल, आणि प्रत्येक टप्प्यावर नॅनोव्हीएनएने (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) रेझोनन्सवर रेझिस्टन्स लिहून ठेवला. ४ रेडियलला ७१ ओहम. ८ ला ५८. १६ ला ४७. ३२ ला ४१. मातीतला_हॅम यांनी सांगितलं तसंच, १६ वर एसडब्ल्यूआर जवळजवळ सपाट होता आणि ३२ वर १.२ झाला. त्यांचा प्रतिसाद वाचला नसता तर मी १६ वर थांबलो असतो.

मग रात्री सीडब्ल्यूवर (मोर्स कोड) एक मिनिट व्ही, एक मिनिट उभी तार, असं आलटून पालटून सीक्यू (सगळ्यांना हाक) दिलं आणि रिव्हर्स बीकन नेटवर्कवर (ठिकठिकाणचे रिसीव्हर आपला सिग्नल किती डीबी ऐकू आला ते जिथे दाखवतात) आकडे बघितले. लांबच्या स्टेशनांवर उभी तार ६ ते १० डीबी वर. जवळच्या दोन-तीनशे किलोमीटरवाल्यांना मात्र व्हीच चांगली, ती काढणार नाही.

१६० साठी टॉवरला गॅमा, तार ८० सेंटिमीटरवर. पहिला टॅप १८ मीटरवर घेतला तर रेझिस्टन्स फारच जास्त, तिसऱ्या प्रयत्नात १५ मीटरवर ५५ अधिक ३१० ओहम मिळाले, २८० पिकोफॅरडला बसलं. रोटेटरवर वेणीची पट्टी टाकायच्या आधी आणि नंतर रेझोनन्स चक्क सरकला, म्हणजे तोपर्यंत बीम जोडलेलाच नव्हता म्हणायचं. त्याच १०० वॉटवर परवा पहाटे सूर्योदयाच्या थोडं आधी समुद्रापलीकडचं स्टेशन पहिल्या हाकेला आलं. लॉगमध्ये लिहिताना हात थरथरत होता.

आता अडचण: कोॲक्सच्या आतल्या तारेवर कोरड्या वाऱ्यात स्टॅटिक (स्थिर वीज) साठतं, मधूनमधून टक् टक् आवाज येतो, कारण कपॅसिटर मधे असल्याने कोॲक्सच्या बाजूला डीसीचा मार्गच नाही. आणि शांतकान ताई, लूपची काठी आणलीय, रिले कोणता घेऊ?

---

तारयात्री

अभिनंदन! फीडपॉइंटला कोॲक्सच्या आतल्या तारेपासून जमिनीला एक आरएफ चोक किंवा शे-दोनशे किलोओहमचा दोन वॉटचा रेझिस्टर लावा, चार्ज तिथून निघून जाईल. वादळाच्या दिवसांत कोॲक्स शॅकच्या बाहेर काढून ठेवा, रेझिस्टरवर भरवसा नको.

---

शांतकान

छोटा सिग्नल रिले पुरेल, लूपमधून पॉवर जात नाही. पण तो ट्रान्समिटच्या आधी लूपला रिसीव्हरपासून तोडेल अशा क्रमाने चालला पाहिजे, नाहीतर १०० वॉट शेजारी पडले की रिसीव्हरचं पुढचं टोक जाईल. आधी रेडिओ न जोडता दहा-वीस वेळा पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबून मल्टिमीटरवर क्रम बघा, मग जोडा. काठी टॉवरच्या कोणत्या बाजूला लावताय ते सांगा, ३२ रेडियलच्या अगदी वर आली तर लूपचा आर्थ रॉड त्या जाळीला चिकटू देऊ नका.

---

लांबलहर

ईशान्येच्या कोपऱ्यात, टॉवरपासून २४ मीटर. तिथे रेडियल पोचत नाहीत. रविवारी रॉड ठोकतो.